टाकलेलंसुद्धा माझंच

साखरपुडा मोडला की दिलेल्या वस्तू परत करायच्या असतात. अंगठी, शालू, चांदीचं ताट असं सगळं आईने पिशवीत भरून ठेवलं होतं. राहिला होता लॅपटॉप. तोही साखरपुड्यातच मिळालेला. "जसा आहे तसा देऊन टाक आणि विषय संपव," असं मामाचं म्हणणं. मी म्हटलं, देईन, पण जसा आहे तसा नाही देणार.

ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो राजापूरचा, मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. मी रत्नागिरीत बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. बाबा बोटीवर तांडेल, आई मासळीबाजारात बसते. आमच्या घरात हळू कोणी बोलत नाही आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आमचा कोकणी हेल असतोच. त्या हेलाची मला कधी लाज वाटली नव्हती. मग रेडिओवर निवेदिकेची जागा निघाली.

त्या परीक्षेसाठी मी लॅपटॉपवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून सराव करायचे. 'नमस्कार श्रोतेहो' एवढंच म्हणायचं, पण शेवटचा 'हो' काही केल्या खाली बसेना. चिडून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मध्येच आईच्या सुरात बांगड्याचा भाव पुकारला. एकदा तर रडलेसुद्धा. परीक्षेत नापास झाले तेव्हा ते सगळं डिलीट केलं. फजिती माझी होती आणि मीच ती टाकून दिली होती. कोणाला सांगायचं काही कारण नव्हतं.

गणपतीला तो गावी आला. आमच्याकडे दर्शनाला आला तेव्हा लॅपटॉप बघून म्हणाला, "किती स्लो झालाय हा. दे, साफ करून देतो." मी दिला. ज्याच्याशी लग्न करायचं त्याला लॅपटॉप का नाही देणार? गौरीच्या जेवणाला आम्हा तिघांना त्यांच्याकडे बोलावणं होतं. जेवणं झाली, ओटीवर नातेवाईक दाटीने बसले होते, आणि आरतीसाठी आणलेल्या स्पीकरमधून माझा आवाज आला. 'नमस्कार श्रोतेहोऽ'. मग शिव्या. मग बांगड्याचा भाव. मग रडणं.

सगळे पोट धरून हसले. बाबाही आधी हसले, माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा गप्प झाले. तो मध्ये उभा राहून सांगत होता, "हिने डिलीट केलं होतं, मी परत काढलं. डिलीट केलेलं कुठे जात नसतं!" त्याला कौतुक हवं होतं. मी त्याला अंगणात बोलावलं आणि विचारलं, आणखी काय काय काढलंस?

"सगळंच बघितलं," तो म्हणाला. "लग्नाआधी माणसाला माहीत नको? आणि एवढं काय मनाला लावून घेतेस, गंमत केली."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. निघताना मी लॅपटॉप उचलून आणला आणि दुसऱ्या दिवशी घरी सांगून टाकलं की हे लग्न मी करणार नाही.

आईने कपाळाला हात लावला. "चार माणसं हसली म्हणून कोणी लग्न मोडतं? उगाच राईचा पर्वत करू नकोस." मामा म्हणाला, मुलगा निर्व्यसनी आहे, असा शोधून सापडायचा नाही. म्हटलं, दारू प्यायला असता तर सकाळपर्यंत उतरली तरी असती. त्यावर मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कोणालाच कळत नव्हतं की मी हसण्यावरून मोडत नव्हते. जे मी टाकून दिलं तेही उकरायचा आपला हक्क आहे असं त्याला वाटत होतं. आज आवाज उकरला, उद्या आणखी काय उकरेल? शेवटी बाबा म्हणाले, "तिला नको तर नको," आणि बोटीवर निघून गेले.

मग मी शिकायला बसले. डिलीट केलं की फाइल जात नाही. कॉम्प्युटर फक्त तिची नोंद काढून टाकतो आणि ती जागा मोकळी धरतो. दारावरची पाटी काढली म्हणून घरातलं माणूस थोडंच जातं? त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल तिथेच बसून असते. असल्या फाइली शोधून काढणारा एक प्रोग्रॅम फुकटात मिळाला. तो मी चालवला, कारण त्या माणसाने काय काय पाहिलं ते मलाही पाहायचं होतं. चुकून उडालेले मैत्रिणींबरोबरचे वेळणेश्वरचे फोटो आणि माझे डॉक्टरचे रिपोर्ट निघाले, आणि ते रेकॉर्डिंगही निघालं.

दार लावून ते मी पहिल्यापासून ऐकलं. खरं सांगते, वाईट नव्हतं. बांगड्याचा भाव तर झकास पुकारला होता. वाटलं, ठेवावं. पण चांगलं आहे म्हणून ठेवायलाच हवं असं कोणी सांगितलंय? टाकायचं असं मी एकदा ठरवलं होतं. ते त्याने उलटवलं, म्हणून मी का उलटवू? फोटो आणि रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतले. आवाज घेतला नाही.

मग अख्खी डिस्क पुसायला लावली. पुसायची म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक जागेवर नुसती शून्यं लिहायची, म्हणजे खाली काय होतं ते कोणालाही वाचता येत नाही. फार वेळखाऊ काम. अर्ध्यात लाइट गेली, बॅटरीने मान टाकली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मामा डोकावून म्हणाला, "अगो किती पुसशील, टोप आहे का तो?" मी म्हटलं, टोप असता तर तुलाच घासायला दिला असता.

वस्तू परत करायला घरची मोठी माणसं जातात, मुलगी जात नाही. मी गेले. राजापूरला त्यांच्या ओटीवर मामाने पिशवी ठेवली आणि मी तिच्यावर लॅपटॉप ठेवला. तो मुंबईहून आलेलाच होता; त्याने तिथेच लॅपटॉप चालू केला. काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ, की आत काहीच नाही.

"पुसलंस? मी परत काढीन," तो म्हणाला.

"काढ. शून्यं निघतील."

त्याला कळलं. त्याच्या धंद्यातलीच गोष्ट होती ती. "एवढं होतं तरी काय त्यात?" त्याने विचारलं.

"माझं होतं," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले. मामा गाडी वळवायला पुढे गेला.

मागून त्याची आई आली. गौरीच्या दिवशी ती हसली होती की नाही, मला आठवत नाही. तिने पदराखालून स्वतःचा फोन काढला. ओटीकडे एकदा वळून पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बाय, ह्याला पण तसं करता येतं काय गो? तो गावी आला की माझा फोन घेतो. साफ करतो म्हणतो. मी माझ्या बहिणीशी काय बोलते ते सगळं त्याला ठाऊक असतं."

मामाने हॉर्न वाजवला. वाजवू दे, मी म्हटलं. आम्ही दोघी अंगणाच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या आडोशाला बसलो. मी तिला दाखवलं की पुसायच्या आधी कुलूप लावायचं, आणि कुलपाचा नंबर तिचा तिने ठरवायचा, मुलाला, नवऱ्याला, कोणालाही सांगायचा नाही. तिने फोन हातात घेतला, पदर ओढून त्यावर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू पण बघू नको," ती म्हणाली.

मी तोंड फिरवलं.