तेल हुंगणारे नाना

नाना गाडीचं बॉनेट उघडत, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढत आणि ती डोळ्यांसमोर न धरता नाकाशी नेत. डोळे मिटत. तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. जळगावातल्या मेहरूण भागातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलवर ओरडणारी माणसंसुद्धा तेव्हा गप्प होत. मग नाना डोळे उघडून निकाल सांगत, आणि तो सहसा चुकत नसे.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात उभं आयुष्य काढलं, तरी बोली सोडली नाही. "आवाज फसावस, बाई, वास फसावत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एक पोशाखी गृहस्थ नुसतं तेल बदलायला आले, तर नानांनी जाता जाता हवेत नाक फिरवलं आणि म्हणाले, "ह्या गाडीना मालकले घाई भलती शे. क्लचवरतून पाय काढत नही." गृहस्थांची बायको गाडीत बसली होती. ती इतकी हसली की गृहस्थ पुन्हा त्या गॅरेजला फिरकलेच नाहीत.

मी नशिराबादच्या शाळेत शिकवते. रोज मेहरूण ते शाळा, एवढाच माझा प्रवास. त्यासाठी मी हौसेनं नव्या नियमांची, बीएस-६ची डिझेल गाडी घेतली, तेव्हा नानांनी कपाळाला हात लावला. या गाड्यांत काजळी बाहेर सोडत नाहीत, एका जाळीत अडवतात, आणि जाळी भरली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून ती काजळी जाळून टाकते. पण त्याला सलग मोठी धाव लागते. जवळच्या जवळ हिंडणाऱ्या गाडीत ते डिझेल न जळताच राहतं, तेलात झिरपतं, तेल पातळ होतं आणि इंजिन आतून झिजतं. नाना मात्र नियमावर चिडले नाहीत. "नियम चांगला शे. पोरंसोरं धूर खातस, ते बरं नही. पण कोंडेल धूरले जळाले टाईम द्या." तेव्हापासून दर रविवारी मी हायवेनं एरंडोलपर्यंत जाऊन येऊ लागले. घरचे हसायचे. मी जायचेच.

साथीच्या दुसऱ्या लाटेत नाना आजारी पडले, बरे झाले, गॅरेज पुन्हा उघडलं. पट्टी नाकाशी, डोळे मिटलेले, सगळं पूर्वीसारखं. त्या काळातल्या दोन गोष्टी मला आता आठवतात. एकदा माझ्यासमोर त्यांनी नासका चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मी कप नुसता तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला होता. आणि केळीवाल्याची एक पिकअप, जी नानांनी पास केली होती, बोदवडजवळ इंजिन जाम होऊन बंद पडली. नानांनी ते इंजिन स्वतः खोलून, पंधरा दिवस राबून पुन्हा बांधून दिलं. मला वाटलं, केवढा दिलदार माणूस! डोळ्यांदेखत घडत होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

मग तो शनिवार आला. वार्षिक परीक्षांच्या गडबडीत माझे चार-पाच रविवार हुकले होते. गॅरेजमध्ये सहा-सात गिऱ्हाइकं उभी होती. नानांनी पट्टी हुंगली आणि म्हणाले, "बठ्ठं झकास शे. चिंता करू नका." मी शेजारीच वाकून उभी होते. डिझेलचा उग्र दर्प माझ्या नाकात भसकन शिरला. तेल तर वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं.

माझा आवाज मुळातच शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. चूक दिसली की ती भर वर्गात मोठ्यानं सांगायची, ही वीस वर्षांची सवय. "अहो नाना, डिझेलचा एवढा वास मारतोय! तुम्हाला कसा येत नाही?"

सगळी गिऱ्हाइकं वळून नानांकडे बघायला लागली. नानांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्यावरची खूण पाहिली. "हां. शे," एवढंच म्हणाले. खाली बसून त्यांनी सगळं तेल काढलं, नवं भरलं. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात गेले तर शटर बंद होतं. शेजारचा चहावाला म्हणाला, "नाना गेले गावाकडे. गॅरेज आवरलं त्यांनी."

महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. पेपर तपासतानासुद्धा मध्येच डिझेलचा वास यायचा. शेवटी पत्ता काढून धुळ्याच्या पलीकडे त्यांच्या गावी गेले. नाना ओट्यावर बसले होते.

"दोन वरीस व्हई गयात," ते म्हणाले. "तापमा वास गया, तो परत उनाच नही. कितला इंजिन मी 'ठीक शे' म्हनीसन सोडी दिधात, माले माहीत नही. डोळा लागना की एकेक गाडी समोर येस."

मी म्हणाले, "नाना, माझं चुकलं. हळू सांगायला हवं होतं."

"तुम्ही चुकन्यात नही. हळू सांगतात, तं मी अजून दोन वरीस नाकले पट्टी लाईसन बसतू."

निघताना ते गाडीपर्यंत आले. बॉनेट उघडायला लावलं. पट्टी ओढली, आणि ती स्वतःच्या नाकाशी न नेता माझ्या नाकाशी धरली. "सांगा." मी जमेल तसं सांगत गेले: थोडा करपट, थोडा गोडसर, डिझेल अजिबात नाही. नाना डोळे मिटून ऐकत होते, पूर्वी हुंगायचे तसे.

त्या दिवाळीआधीच नाना गेले. मला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं.

मी अजून दर रविवारी एरंडोलला जाते. गाडी कडेला घेऊन थोडी थंड होऊ देते, पट्टी ओढते, हुंगते. मग डोळे मिटून, शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगते, "डिझेल नाही, नाना. ठीक शे."