भेवाला बोरा टाकणाऱ्या कटरे मॅडम

कटरे मॅडमच्या वर्गात मी टेबलावर हजेरीपट आपटला, ही माझ्या नोकरीतली सगळ्यात हलकट गोष्ट. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं कौतुक कुणाला फुकटचं वाटणार नाही.

मी तेव्हा केंद्रप्रमुख होतो. दहा-बारा शाळांवर देखरेख करायची, त्रुटी लिहायच्या. मॅडमची शाळा नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला, दोन खोल्यांची. मोहफुलांचे दिवस होते. पोरं पहाटे फुलं वेचून मग शाळेत यायची. मी दारात पोचलो तर दुसरीचा अख्खा वर्ग धानाचे रिकामे बोरे, म्हणजे पोती, अंथरून आडवा, पोटावर हात, डोळे मिटलेले. पन्नाशीच्या मॅडमही त्यांच्यातच आडव्या, चष्मा कपाळावर सरकवून.

"शाळा आहे की धर्मशाळा?" म्हणत मी हजेरीपट आपटला.

पोरं धडपडून उठली. एक मुलगी किंचाळत भिंतीला चिकटली. मॅडमनी तिला कुशीत घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीन हप्ते लागले होते जी. तुमी एका झटक्यात मोडलं."

काय मोडलं, हे मी विचारलंसुद्धा नाही. 'वर्ग झोपलेला आढळला' असं लिहून मोकळा झालो. नोटीस निघाली. मॅडमनी उत्तर दिलं: 'वर्ग झोपला नव्हता. मोहाच्या झाडाखाली, त्या दिवशी किंचाळली त्या कुंतीच्या बापावर तिच्यादेखत अस्वल आलं. तेव्हापासून ती जागेपणी डोळे मिटत नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मिटले होते.' हे वाचूनही मी 'असमाधानकारक' असा शेरा मारला. मॅडमची बदली पार दुसऱ्या टोकाला झाली.

आणि निर्लज्जपणा बघा! दोन वर्षांनी तेच काम वरून आदेश होऊन आलं. मन शांत करण्याचा तास, रोज, फोटोसह. प्रशिक्षण द्यायला कोण? मी! फुलचूरच्या सभागृहात मी शिक्षकांना श्वास घ्यायला शिकवत होतो. "डोळे मिटलेल्या मुलांचा फोटो अकराच्या आत ग्रुपवर टाका," म्हणालो.

मागून ओळखीचा आवाज आला, कटरे मॅडमचा. "साहेब, पोरानं मनानं डोळे मिटले का फोटोसाठी मिटले, हे कोन पाहीन?"

सभागृह हसलं. 'वेळेअभावी' म्हणत मी पुढे सरकलो. वेळेअभावी!

जेवताना मॅडम ताट घेऊन माझ्याच शेजारी बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. पोरांना भीतीबद्दल सांगायच्या तसंच त्या मला म्हणाल्या, "भेवाले हाकलू नका जी. त्याले बसाले बोरा टाका. मंग थो आपल्या मनानंच उठून जाते."

"मॅडम, तुमची माफी मागायची आहे."

"माही कायले मांगता? मी बदलीनं मरून नाही राहिली. कुंतीची मांगा. थे तथंच हाय, चौथीत."

दुसऱ्याच दिवशी गेलो. कुंती पडवीत एकटी होती. मला बघताच भिंतीकडे सरकली. मी लांबच उभा राहिलो. "बेटा, त्या दिवशी मी टेबलावर हजेरीपट आपटला होता..."

"काऊन आपटला?"

का, ते सांगायला मी तोंड उघडलं.  तिनं कोपऱ्यातला बोरा ओढून माझ्यापुढे टाकला.

"बसा, गुरुजी. डोळे मिटा. मंग सांगा."

मी बसलो, डोळे मिटले. ती पुढे आहे की मागे, काहीच कळेना. भीती वाटली, तरी डोळे उघडले नाहीत. तसाच म्हणालो, "कुंती, मी तुला न विचारता ओरडलो. चुकलो. मला माफ कर."