व्याह्यांची प्रार्थना आणि गार भाकरी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत देवाला नाकानं ओळखणारा एकच माणूस झाला आणि तो व्याही म्हणून माझ्याच वाट्याला आला. आम्ही दोघंही ख्रिस्ती, पण मी कराडकडचा गूळ करणारा माणूस, शिक्षण दुसरीपर्यंत. बापानं शिकवलं, देवळात मान खाली घालायची, डोळे मिटायचे आणि देवाचं भय धरायचं. व्याही सांगलीचे, उभा जन्म हळदीच्या वखारीत काढलेले. मूठभर हळद हुंगून ती कुठल्या गावची ते सांगायचे आणि तीच सवय त्यांनी देवाच्या कामातही चालवली. माझी लेक बघायला आले तेव्हा घरदार, शेती, शिक्षण, काही म्हणजे काही विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आमटीच्या फोडणीचा वास घेतला आणि म्हणाले, "ह्या घरात प्रभूचं येणंजाणं हाय. लग्न ठरलं." पोरगा-पोरगी अजून एकमेकांशी बोललीही नव्हती.

उपासनेला त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षाच. खिशात एक पिकलेला पेरू ठरलेला. पाळकसाहेब नरकाच्या आगीवर आले, की हे पेरू काढून बाकावरनं पुढं सरकवणार आणि कानात सांगणार, आधी वास घ्या, मग ऐका. एकदा तो पेरू हातोहात पार पहिल्या बाकापर्यंत गेला आणि पाळकसाहेबांना नरकातनं बाहेर यायचा रस्ता सापडेना. प्रभुभोजनाचा द्राक्षरस एकदा पातळ लागला, तर उपासना सुटल्यावर यांनी साहेबांना दारातच धरलं. "काना गावच्या लग्नात प्रभूनं पाण्याचा द्राक्षरस केला. तुमी द्राक्षरसाचं पाणी केलं."

जेवणाआधीच्या प्रार्थनेचं तर विचारूच नका. आम्ही दोन वाक्यांत उरकतो. हे ताटातल्या एकेका जिनसाचे आभार मानणार. भाकरीचा खरपूस पापुद्रा, ठेच्यातला लसूण, कांद्याचा झणका. आमेन म्हणायला तोंड उघडलं, की मीठ राहिलं म्हणून पुन्हा मागं. तोवर भाकरी गार होऊन कडक व्हायची. एकदा मी सुनावलं, "आवं व्याही, देवाला समदं ठावं हाय. यादी कशाला वाचताय?" तर म्हणाले, "त्याला ठावं हाय हो. आपल्याला कुठं हाय?"

मागल्या दिवाळीत त्यांना ताप आला. नाताळाला आमच्याकडं आले, ताटावर बसले आणि म्हणाले, "प्रभू, अन्नासाठी आभार. आमेन." भाकरीची वाफ अजून वर चालली होती. मला वाटलं, जिंकलो, शेवटी माणूस वळणावर आला. बायको मात्र हातातलं उलथनं तसंच धरून उभी राहिली. मग लेकीनं सांगितलं, तापात मामांचं नाक आणि जीभ दोन्ही गेलीत, वास नाही की चव नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीतर नाही. मामांनी देवळात जाणंही सोडलंय. कुणी विचारलं तर म्हणतात, तिथं आता त्याची गाठ पडत नाही, जाऊन काय करू.

हे मला खपलं नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलो तो माणूस असा हरून कसा बसतो? एसटीनं सांगलीला गेलो आणि नको नको म्हणत असताना त्यांना आमच्या गुऱ्हाळावर घेऊन आलो. काहिलीत, त्या मोठ्या कढईत, उसाचा रस घट्ट होत आला होता. त्यांना वाफेतच उभं केलं. म्हटलं, ह्या वासापुढं मेलेलं नाकसुद्धा उठेल. त्यांनी दोनदा श्वास ओढला आणि मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्याही, तुमीच सांगा. कसा येतोय?"

"चांगला येतोय," मी म्हणालो.

"तेवढं तर बैलालाबी कळतंय."

चाळीस हंगाम त्या काहिलीपाशी उभा आहे मी. रंग बघतो, तार बघतो आणि गूळ उतरवतो. वास कसा असतो हे कुणाला सांगायची पाळी कधी आली नव्हती. डोळे मिटले आणि हुंगलं. म्हटलं, वरवर ओल्या गवतासारखा, हिरवा. त्याच्या मागनं चिपाडाच्या धुराचा, जरा कडू. आणि पार तळाला, आपली नात तान्ही असताना तिच्या टाळूवर तेल घातल्यावर यायचा तसा, ऊन आणि गोड.

व्याह्यांनी टोपी काढली आणि सुरू झाले. गवताचे आभार, धुराचे आभार, टाळूचे आभार. आमेन झालं तेव्हा गूळ उतरवायची वेळ टळून गेली होती. चाळीस वर्षांत माझा गूळ काळा पडला नव्हता, तो त्या दिवशी पडला. करपल्याचा वास मला आधीच आला होता. पण नातीचं नाव निघालं होतं, मधेच थांबवायचं कसं?

नाक काही अजून परत आलेलं नाही. देवळात मात्र जायला लागलेत, खिशात पेरू घेऊन. तो म्हणे आता शेजारच्यांनी हुंगून त्यांना सांगायचा असतो. रविवारी दुपारी आमच्याकडं फोन येतो. काय शिजलंय, सांगा. मी ताटातलं एकेक हुंगून सांगतो आणि तिकडनं ते आभार मानतात. परवा वांग्याचं, लसणाचं सगळं सांगून झालं, आमेनही झालं, तेवढ्यात मीच म्हणालो, थांबा व्याही, मीठ राहिलं. बायको म्हणाली, मिठाला कुठं वास असतो?

भाकरी गार झाली होती. तशीच खाल्ली.