दोन प्लेटांमधली जास्तीची ओढ

केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरावर दोन वस्तू एकमेकींना न्यूटनच्या नियमाइतकंच ओढतात का, हे तपासणं हे माझं पीएच.डी.चं काम. बारीक तारेला टांगलेली एक प्लेट, तिच्याजवळ दुसरी, दोन्ही हवा काढून घेतलेल्या बंद डब्यात. कर्वेनगरच्या खोलीतली मैत्रीण आयटीत लागली होती. सकाळी कंपनीची बस तिला न्यायला यायची. त्याच कंपनीने मलाही बोलावलं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. नोकरीला नाही म्हणायचं तर तसं काही ठोस हाती हवं होतं.

संक्रांतीच्या सुमारास ते आलं. ओढ जास्त भरू लागली. अंतर कमी करावं तशी आणखीच. माझे मार्गदर्शक, आमचे सर, एरवी कुणाला बरं म्हणत नसत. ते सगळ्यांना चहा पाजू लागले. सोमवारी परिषदेत जाहीर करायचं ठरलं.

मला मात्र शंका होती. ही वाढ दसऱ्याआधी कधी दिसली नव्हती. खंडेनवमीला उपकरणांची पूजा हा सरांचा नेम. या खेपेला नवी प्लेट बसवायची म्हणून झाकण उघडं होतं, आणि सरांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं तेव्हा डोक्यावर पंखा गरगरत होता. हळदीच्या कणावर विजेचा भार बसला, तर त्याची ओढ गुरुत्वाकर्षणाला सहज मागे टाकते. पण बघायचं तर डबा उघडावा लागणार, आणि उघडला की इतक्या महिन्यांची जुळवणी मातीत.

शनिवारी सांगून टाकलं. सर चष्मा पुसत राहिले.

“म्हणजे माझी भक्ती न्यूटनला नडली, असं आपलं म्हणणं?”

एरवी मला ते ‘तू’ म्हणत.

“भक्तीचं मला ठाऊक नाही, सर. पंखा चालू होता.”

आत काही निघालं नाही, तर परिषदेला तोंड मीच दाखवायचं, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हटलं.

पाना त्यांनी स्वतः घेतला. हवा आत शिरली तेव्हा लांबलचक सुस्कारा आला, तेवढाच आवाज. भिंगातून ते बराच वेळ पाहत राहिले, मग भिंग माझ्या हातात दिलं. प्लेटच्या कडेला पिवळे कण चिकटले होते.

भाषण रद्द केल्याचं सरांनीच फोनवरून कळवलं. कारणही सांगितलं, काही न लपवता. मग माझ्याकडे वळून विचारलं, “पुन्हा बांधायचंय. थांबणार आहेस का?”

संध्याकाळी एसटीडी बूथवरून वडिलांना सांगितलं की नोकरी घेत नाही, मशीन पहिल्यापासून बांधायचंय. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते.

“मंग, चूक तूच धरली ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग बांध,” म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.