सड्याच्या पोटातलं पाणी

रविवार, ११ जानेवारी. सकाळी पार्सेच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, पंचायतीची माणसं आणि आम्ही जमीनवाले जमलो होतो. इथे प्लॉट पाडायचे की सडा मोकळा ठेवायचा, हे गावाला ठरवायचं आहे. माझाही तिथे एक तुकडा आहे.

मंडळी, खरं सांगतो, मी प्लॉटना होकार द्यायलाच गेलो होतो. सड्याखालचं आमचं माडा-पोफळींचं कुळागर माझी बायको बघायची. श्रावणात ती गेली. आता ते कोणासाठी राखायचं, असं वाटायचं.

बोलणी चालू असताना शेजारच्या शैलावहिनी एका भेगेपाशी ओणव्या झाल्या आणि ओरडल्या, "गप रवा रे सगळे! भावजी, हंय कान लावा. भिया नकात, सडो चावणा नाय."

लोक हसले. मी गुडघे टेकून तापलेल्या दगडाला कान लावला.

आत पाणी वाहत होतं. वर गवत वाळून पिवळं पडलंय आणि खाली कातळाच्या पोटातून पावसाचं पाणी सावकाश आमच्या कुळागराला पाणी देणाऱ्या झरीकडे चाललंय. बायको असताना पडलेला पाऊस अजून वाटेतच होता.

मग एकेकाने कान लावला. मी होकार न देताच खाली उतरलो.

तुमच्या गावचं पाणी कुठून येतं, हे तुम्ही कधी ऐकलंय का?

दुपारी एकटाच कुळागरात गेलो, पाटाचं तोंड मोकळं केलं आणि पोफळींना पाणी सोडलं.