नात तांदळाच्या रांगेत उभी राहिली

माझी नात आठवीत आहे आणि शाळेच्या सेवा गटात आहे. म्हणजे होती. गटातल्या मुलांना छातीवर लावायला निळा बिल्ला मिळतो. तो मिळाल्यापासून घरात तिला काही सांगायची सोय राहिली नाही. शनिवारी सकाळी ती राजोडीच्या किनाऱ्यावर लोकांनी टाकलेल्या बाटल्या वेचायला जायची आणि तिच्या पलंगाखालचे चिप्सचे कागद मी वाकून काढायचे. बोलले तर म्हणायची, "आजी, ती सोशल सर्व्हिस आहे. हे घर आहे." तिच्या आईबापाला याचं कौतुक. त्यांना कौतुक करायला काय जातं, दोघं सकाळी मुंबईला जातात ते रात्रीच उगवतात. वाकायचं मला असतं.

आमच्या शाळांत उपवासकाळात मूठभर तांदळाची पद्धत आहे. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाने घरून एक मूठ तांदूळ न्यायचे आणि जिन्याखालच्या पिंपात टाकायचे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढ्या वर्षांत मीही ती मूठ नेली आहे. पास्काचा सण, म्हणजे ईस्टर, जवळ आला की ते तांदूळ पिशव्यांत भरून अडचणीत असलेल्या घरी जातात. पूर्वी तिन्हीसांजेला दोन सिस्टर पायी निघायच्या. कोणाच्या दारात थांबल्या ते कोणी बघायचं नाही आणि बघितलं तरी बोलायचं नाही.

यंदा मुख्याध्यापिका सिस्टर नवीन आल्या. त्यांनी ठरवलं की तांदूळ शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर द्यायचे. पाहुणे बोलावले, फोटोवाला बोलावला. सेवा गटाने स्टेजवर पिशव्या घेऊन उभं राहायचं, गटाच्या बाईंनी माइकवरून नावं घ्यायची आणि ज्यांची नावं घेतली त्यांनी वर येऊन पिशवी घ्यायची. सहा मुलांची नावं होती. त्यात माझ्या नातीच्या बाकावर बसणारी मुलगी होती. तिची आई गावच्या होळी बाजारात सुकी मासळी विकते. बाप बिल्डिंगांना रंग द्यायचा, पाठ गेल्यापासून घरीच पडून असतो.

पाच मुलं उठली. ही उठली नाही. बाईंनी तिचं नाव पुन्हा घेतलं. वर म्हणाल्या, "लाजायचं काय त्यात? ये, ये." सगळा हॉल वळून बघायला लागला, तरी ती उठेना. तेव्हा माझी नात हातातली पिशवी टेबलावर ठेवून स्टेजवरून खाली उतरली आणि घेणाऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मला पण द्या." तिच्या मागोमाग गटातल्या आणखी तीन मुली आल्या. पोरं हसायला लागली. आता नक्की कोणाचा फोटो काढायचा, असं फोटोवाल्याने विचारलं म्हणे. प्रकार एकदाचा मिटावा म्हणून बाईंनी माझ्या नातीच्या हातात एक पिशवी कोंबली आणि तिला हॉलबाहेर घालवलं.

ती पिशवी घेऊन घरी आली. चेहरा असा, जणू लढाई जिंकली.

"आजी, मी स्टँड घेतला."

"कसला?"

"माझ्या फ्रेंडसाठी. तिला सगळ्यांसमोर गरीब म्हणत होते."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. ती मागच्या दाराने घरी गेली."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माझं लक्ष त्या तांदळात गेलं. मी ते सुपात पसरले. कोलम, रेशनचे जाडे, बासमतीची कणी, उकडे, सगळे एकत्र. ज्या घरात डब्यात जे होतं त्याची मूठ. त्यातले थोडे मी संध्याकाळी शिजत घातले. अर्ध्यांची पेज झाली आणि अर्धे दाताखाली खडे. मी पाणी वाढवलं, आच वाढवली, तरी तेच. इतकी वर्षं आम्ही हे लोकांना देत आलो आणि देणाऱ्यांपैकी कोणी एकदाही शिजवून बघितलं नाही. मला भयंकर राग आला. सुनेला पातेलं दाखवलं तर ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, कशाला शिजवलात? आपल्याकडे तांदूळ आहेत की."

त्याच रात्री शाळेचा मेसेज आला. मुलीला गटातून काढलं आहे, बिल्ला जमा करावा, प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर माफी मागावी आणि पालकांनी येऊन भेटावं. मुलगा म्हणाला, "आई, तूच जा ना. मोठ्या माणसाचं सिस्टर ऐकतील." सुट्टी मिळत नाही म्हणाला. क्रिकेट बघायला मिळते.

दोन दिवसांनी मी गेले. सिस्टर माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या असतील. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझं काही ऐकलं नाही.

"आजी, तुमच्या नातीने पाहुण्यांसमोर शाळेची शोभा केली."

"आणि जी मुलगी उठली नाही, तिला कोणी विचारलं का?"

"ती तेव्हापासून आलीच नाही. परीक्षा तोंडावर आली आहे. आईला फोन केला तर उचलत नाही."

मी तांदळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सूचना चांगली आहे. म्हणजे कोणी काही करणार नव्हतं. मी उठले.

शाळा सुटल्यावर नातीला धरलं, उरलेली पिशवी घेतली आणि त्या मुलीच्या चाळीत गेले. चाळ एका बुजवलेल्या भातशेतावर उभी आहे, पावसात तिथे गुडघाभर पाणी असतं. मुलीची आई दारातच बसली होती. मुलगी मागे भिंतीशी सुक्या बोंबलांची डोकी काढत होती. तिने वर बघितलं नाही. आतून बापाच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"या मावशी," आई म्हणाली. "आनि ही का तुमची हिरोईन?"

माझी नात म्हणाली, "काकी, मी तिच्यासाठीच केलं. तिला वाईट वाटू नये म्हणून."

"तुला कोनी सांगितलं होतं? माझी पोर दोन मिनिटं वर गेली असती, पिशवी घेऊन खाली आली असती. दुसऱ्या दिवशी कोन ध्यानात ठेवतंय? आता पहिलीतलं पोर पन बोट दाखवतं, ती बघ तांदूळवाली. आनि तांदूळ कुठं आहेत? सहा नावं, सहा पिशव्या. आमची कुठं गेली?"

तेव्हा मला कळलं की मी कोणाचे तांदूळ शिजवले होते. मी पिशवी पुढे केली. तिने हातात तोलून बघितली.

"हलकी आहे."

"थोडे शिजवून बघितले. ते काही नीट शिजत नाहीत बाई."

"शिजवले?" ती खरंच हसली. "मावशी, ते शिजवायचे असतात का? गिरनीवर नेतो आम्ही. भाकऱ्या होतात महिनाभर."

माझा इतका राग, इतकं भाषण आणि हे उत्तर. नात मध्येच "सॉरी, काकी" म्हणाली.

"तुझं सॉरी राहू दे. परीक्षा नाही देनार म्हनते ही. म्हटलं नको देऊस, बाजारात मला दोन हात कमीच पडतात." ती हे रागाने बोलली नाही, म्हणून मला जास्त खरं वाटलं. एकदा मासळीच्या पाटीवर बसली की ती मुलगी परत वर्गात जायची नाही. मी बाजारात भाजी घेऊन बसायचे तेव्हा अशा किती पाहिल्या आहेत.

मग ती मुलगी बोलली. बोंबलाकडे बघूनच.

"जूनमध्ये मी गटात नाव दिलं होतं. बाई म्हणाल्या, तुम्हालाच मदत मिळते, तू काय मदत करणार. ही बाजूलाच उभी होती. काही बोलली नाही. बिल्ला लावून घेतला." तिने एक डोकं तोडून बाजूला टाकलं. "तेव्हा बोलायचं होतं. हॉलमध्ये कशाला?"

मी नातीकडे बघितलं. ती चपलेच्या पट्ट्याकडे बघत होती.

"मला वाटलं, बाई मलाही घेणार नाहीत," ती म्हणाली.

घरी येताना ती रडत होती. मी तिला रडू दिलं. रस्त्यात ओळखीची माणसं विचारायला लागली, मी म्हटलं, दात दुखतोय.

"बिल्ला कुठे आहे?" मी विचारलं.

"मी देणार नाही."

"देणार आहेस. आणि माफीसुद्धा मागणार आहेस."

"पण आजी, स्टेजवर तसं नाव घेणं चूकच होतं ना?"

"होतं."

"मग मी का माफी मागू?"

"कारण माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही."

सकाळी मी पुन्हा सिस्टरसमोर बसले. सरळ सांगितलं, "माझी नात माफी मागेल, तुम्ही सांगाल त्या शब्दांत. गटातली तिची जागा रिकामी झाली आहे. ती त्या मुलीला द्या. आजच, परीक्षेच्या आधी."

"आजी, शाळा म्हणजे बाजार नाही."

"स्टेजवर तांदूळ वाटलेत, ते काय होतं मग?"

मदत घेणाऱ्या मुलांना गटात घेत नाहीत, असं पहिल्यापासून आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, पहिल्यापासून तर तांदूळ संध्याकाळी पायी जात होते, ते मोडलंतच ना. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मुलांनी डोळ्यांनी बघितलं तर देण्याची किंमत कळेल."

"घेणारीही मुलंच होती, सिस्टर."

शेवटी जागा द्यायला तयार झाल्या. पुढच्या वर्षी हॉलमधला कार्यक्रम करणार की नाही, ते विचारलं तर म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा बघू. मी जे मिळालं ते घेतलं. एवढंच सांगितलं की निरोप द्यायला बाईंनाच चाळीत पाठवा. आमच्या घरच्यांनी त्या दारात पुन्हा जाऊन काही उपयोग नाही. सुनेच्या डब्यातले कोलम, मी शिजवले होते त्याच्या दुप्पट, मी बाजारात त्या मुलीच्या आईला नेऊन दिले. तिने घेतले आणि म्हणाली, "हे मातर शिजवीन."

नातीने स्टेजवर माफी मागितली. कार्यक्रम बिघडवला याबद्दल क्षमा असावी, असं लिहून दिलं होतं तेवढंच बोलली. घरी आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. मुलगा मला म्हणाला, "आई, तू तिची बाजू घ्यायला गेली होतीस ना?" मी त्याला सांगितलं, पुढच्या वेळी तू जा.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी दारातच बसून होते. नात आली, दप्तर टाकलं.

"ती आली होती?"

"आली. बाई दोनदा गेल्या होत्या तिच्या घरी. पूर्ण पेपर लिहिला. बिल्ला पण लावला होता."

"बरं झालं."

"माझ्याशी बोलली नाही. पट्टी विसरली होती, तर मागच्या मुलीकडे मागितली. माझी बाकावरच होती, तिला दिसत होती." तिचा आवाज चढला. "मी तिच्यासाठी एवढं सगळं केलं."

"ती परीक्षेला आली की नाही?"

"आली. पण निदान थँक यू तरी?"

मला वैताग आला. उन्हात तासभर बसून माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, हात धू आणि जेवायला बस, उद्या गणिताचा पेपर आहे. ती जेवायला बसली. थोड्या वेळाने, भात कालवता कालवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या येईल ना ती?"

"येईल," मी म्हटलं. "तू गणित कर."