तळमजल्यावरची खोली आणि ताईचं मत

नांदेडहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी बहिणीच्या शहरात, काशिमिऱ्याच्या नाक्यावर थांबली आणि उतरताच निवडणुकीचा भोंगा कानावर आदळला. महापालिकेचा प्रचार रंगात आला होता. मी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. लोक स्वतःच्याच खिशाविरुद्ध मत का देतात, या विषयावर आमच्या कट्ट्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो आणि ऐकणारे बिचारे उठूनही जात नाहीत. इथे मात्र मी फक्त बहिणीला भेटायला आलो होतो.

मंगलताई पूनम सागर वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. भाऊजी गेल्यापासून ती त्यांच्या पेन्शनवर एकटीच घर चालवते आणि पंखासुद्धा जपून लावते. चहा देतानाच तिने सांगितलं, की संध्याकाळी सोसायटीची मीटिंग आहे. तळमजल्यावरची रिकामी खोली जवळच्याच हाटकेश भागातल्या एका कारखानदाराला माल ठेवायला हवी होती. त्याच्या भाड्यामुळे सगळ्यांचा मेंटेनन्स जवळजवळ निम्म्यावर येणार होता. मग विचार कसला करायचा, हात वर करून मोकळी हो, असं मी तिला सांगितलं. ताई पोहे परतत राहिली. तिला पटलं, असं मी समजलो.

तिला सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) घ्यायची होती, म्हणून दुपारी आम्ही रिक्षाने मोरवा या जुन्या गावात गेलो. टॉवर मागे पडले, खाडीवरचा खारट वारा आला आणि बैठी घरं दिसू लागली. मला फार बरं वाटलं. सुकट विकणाऱ्या मावशींना मी सवयीप्रमाणे विचारलं, मत कुणाला देणार. त्यांनी ज्याचं नाव घेतलं, त्याच्या नव्या रस्त्यात त्यांची धंद्याची जागाच जाणार होती. हे त्यांनीच सांगितलं, तेही हसत. मी समजावायला लागलो, तेव्हा पिशवीला गाठ मारत त्या म्हणाल्या, "घरान पानी शिरलं तवा तोच आलता. दुसरा कोन न्हाय आला."

परतताना मी ताईला रिक्षातच व्याख्यान दिलं. अशी भोळी माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, वगैरे. ताई एवढंच म्हणाली, की पिशवी नीट धर, सांडेल.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये होती. हिंदी, गुजराती, मराठी, ज्याच्या तोंडाला जी येईल ती भाषा. मी पाहुणा म्हणून मागे बसलो. भाड्याचा हिशेब सगळ्यांना पटत होता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन उठल्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूने हॉस्पिटलात होते. घरी सोडल्यावर त्यांना जिन्याने वर नेणं शक्य नव्हतं. ते सावरेपर्यंत ती खोली मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. मग कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, की कारखानदार काही थांबणार नाही.

सेक्रेटरींनी विचारलं, खोली भाड्याने द्यायच्या विरोधात कोण? पहिला हात ताईचा वर गेला. खुर्चीला धरून ती उभी राहिली.

"मेरे घुटने का ऑपरेशन हुआ, तब मैं उसी रूम में रही थी," ती म्हणाली. "हंसाबेन रोज दो टाइम खाना लेके आती थी. अभी रूम उनको लगेगा."

पाठोपाठ एकेक हात वर होत गेला. गंमत म्हणजे दोन-दोन फ्लॅटवाले खाली बघत होते आणि काटकसरीने दिवस काढणाऱ्यांचेच हात जास्त दिसत होते. थोडक्या मतांनी का होईना, प्रस्ताव पडला.

जिना चढताना ताई प्रत्येक मजल्यावर थांबत होती. मला राहवेना. निम्मा मेंटेनन्स वाचत होता, आता कसं करशील, मी विचारलं.

"आतापर्यंत भरतेय ना?" ती म्हणाली. "आणि मी त्या खोलीत होते तेव्हापण भाडं बुडतच होतं की सगळ्यांचं. कुणी एक शब्द बोललं नाही रे."

ऑपरेशननंतर ती चार मजले कशी चढत असेल, हा प्रश्न मला नांदेडला कधी पडलाच नव्हता, कारण या माणसांनी तो माझ्यापर्यंत येऊच दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोली धुतली. ताईचीच जुनी खाट मी आणि शेजाऱ्यांनी मिळून खाली उतरवली. निघताना हंसाबेननी प्रवासासाठी थेप्ल्यांचा (मेथी घातलेल्या मऊ पोळ्या) डबा दिला. आभार मानायला माझं हिंदी पुरेना. मी नुसते हात जोडले.

नांदेडला पोचलो त्याच संध्याकाळी डबा घेऊन कट्ट्यावर गेलो. तिकडचे मतदार तरी शहाणे आहेत का, मित्रांनी विचारलं. मोरव्याच्या मावशींबद्दल सांगितलं, ताईबद्दल सांगितलं. एकजण म्हणाला, "सर, हेच ते. भावनेच्या भरात लोकांना स्वतःचं हित कळत नाही." वाक्य माझंच होतं. मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला आणि ही पोळी कुणी केली आहे, ते सांगायला लागलो.